रित्सुबाईंचं 'बरं'

इगारी रित्सुबाईंची वाचा गेली ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालता घालता त्या खाली बसल्या आणि मुलगी धावत येईपर्यंत उजवा हात, उजवा पाय लुळा पडला होता. तीन आठवडे दवाखान्यात काढून त्या घरी परतल्या. जीव वाचला, समजही शाबूत राहिली. शब्द मात्र गेले, आणि ते आता परत यायचे नाहीत असं डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं.

स्टुडिओत ही बातमी आली तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. रित्सुबाई म्हणजे 'मीठबेटावरची ओतो'मधली आजी. दर रविवारी संध्याकाळी साडेसातला ही कार्टूनमालिका लागायची. दहा वर्षांची ओतो आणि तिची आजी एका लहानशा बेटावर मिठागरात राबतात, एवढीच तिची गोष्ट. ओतोवर पोरांचा जीव होता आणि आजीवर पोरांच्या आयांचा. रित्सुबाई तरुणपणी गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत होत्या, मग वीस वर्षं रेडिओवर. सत्तरीला आलेला त्यांचा आवाज लोखंडी किटलीत पाणी तापायला लागावं तसा होता. आधी नुसती घरघर, मग त्यातून हळूहळू ऊब यायची.

त्या आवाजासाठी शब्द लिहायची कुझुमी मात्सुए. वय एक्कावन्न, त्यातली सत्तावीस वर्षं पटकथा लिहिण्यात गेलेली. आधी सिनेमे, मग टीव्ही आल्यावर टीव्ही. नेरिमा भागात लोणच्याच्या दुकानावर तिची दोन खोल्यांची जागा होती. तिथे बसून ती चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं लिही, आणि लिहून झालं की एका हातात घड्याळ धरून सगळं मोठ्यानं वाचून बघी. आजीची वाक्यं वाचताना तिचा आवाज आपोआप रित्सुबाईंसारखा होई. तिच्या संवादांना कात्री लावायची दिग्दर्शकाचीसुद्धा छाती नव्हती, आणि याचा तिला मनातून अभिमान होता.

मेच्या सुरुवातीला निर्माते तोगाशी यांनी बैठक बोलावली. दिग्दर्शक नागुमो आणि मात्सुए समोर बसले.

"दोन भाग आपण आजीला सर्दी झाल्याचं दाखवून काढले," तोगाशी म्हणाले. "किती दिवस सर्दी ठेवणार? नवी बाई शोधू. हुबेहूब आवाज काढणाऱ्या पुष्कळ आहेत."

"पोरांना पहिल्या वाक्यातच कळेल," नागुमो म्हणाला. "पोरं बहिरी नसतात, तोगाशीसाहेब."

"मग आजीला पाठवा कुठेतरी. थोरल्या मुलाकडे."

"तिला थोरला मुलगा नाही," मात्सुए म्हणाली.

"मग द्या की एक. लेखिका आहात तुम्ही."

यावर कुणी हसलं नाही, खुद्द तोगाशीही नाही. दुसरी वाट दिसत नव्हती. आजीला बेटावरून निरोप द्यायचा भाग लिहायचं मात्सुएनं कबूल केलं. पण लिहायला बसण्याआधी ही गोष्ट रित्सुबाईंना आपण स्वतः जाऊन सांगावी असं तिनं ठरवलं. तीन वर्षं ज्यांच्या तोंडी आपण शब्द घातले, त्यांना हे टपालानं कळवणं तिच्या मनाला पटेना.

गुरुवारी दुपारी लोकाट फळांची पेटी घेऊन ती रित्सुबाईंच्या घरी गेली. सहा मजल्यांच्या, एकसारख्या पांढऱ्या इमारतींची ती वसाहत होती. रित्सुबाई तिसऱ्या मजल्यावर राहत. दार मुलीनं, फुमीनं उघडलं. ही पंचेचाळिशीची, अंगानं आडवी, तोंडानं सडेतोड.

"या, कुझुमीबाई. आई, बघ कोण आलंय."

रित्सुबाई खिडकीजवळ उशांना टेकून बसल्या होत्या. चेहऱ्याची उजवी बाजू किंचित ओघळलेली. मात्सुएला बघून त्यांची डावी भुवई वर गेली.

"बरं," त्या म्हणाल्या.

मात्सुए दचकली. तोच आवाज. किटलीतल्या पाण्याचा.

"दचकू नका," जवाचा चहा ओतत फुमी म्हणाली. "तेवढा एकच शब्द राहिलाय. औषध घे म्हटलं तरी बरं, आणि घेतलं का नाहीस म्हटलं तरी बरं. एवढी आज्ञाधारक तर ती जन्मात नव्हती."

"बरं," रित्सुबाई म्हणाल्या. त्या सुरात फुमीसाठी एक सणसणीत शिवी होती. फुमी खो खो हसली.

मात्सुए हातातला पेला धरून कसं बोलावं याची जुळवाजुळव करत होती, तोच दारावर टकटक झाली. वरच्या मजल्यावरची शेजारीण आत आली. पाहुणी बसलीय याची पर्वा न करता ती सरळ रित्सुबाईंसमोर गुडघे टेकून बसली आणि बोलू लागली. तिचा मुलगा दुसऱ्यांदा विद्यापीठाच्या परीक्षेत नापास झाला होता आणि आता तो तिसऱ्यांदा बसायचं नाही म्हणत होता. नवरा मुलाशी बोलत नव्हता. घरात फक्त जेवणाच्या काड्यांचा आवाज होत होता.

"बरं," रित्सुबाई म्हणाल्या, बसायला पाट पुढे सरकवावा तसं.

शेजारीण आणखी बोलली. मुलाला मासे पकडायच्या बोटीवर जायचंय म्हणे. एवढा शिकवून बोटीवर.

"बरं." हे खालच्या पट्टीत. त्यात जरा आश्चर्य होतं आणि जरा गंमत.

शेजारीण थांबली. मग हळूच म्हणाली, "तसा तो लहानपणापासून पाण्यातलाच. शाळेपेक्षा तिथेच खूश असायचा."

"बरं," रित्सुबाई म्हणाल्या. त्यांनी डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

वीस मिनिटांनी शेजारीण डोळे पुसून उठली आणि मात्सुएला वाकून नमस्कार करून गेली.

"दिवसाला चार-पाच जणी येतात," फुमी म्हणाली. "पूर्वी आई सल्ले द्यायची तेव्हा कुणी फिरकत नव्हतं."

मात्सुएच्या हातातला चहा तसाच राहिला होता. सत्तावीस वर्षं ती माणसांना बोलतं करत आली होती. एका शब्दानं कुणी कुणाला एवढं बोलतं करू शकतं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. आपण इथे काय सांगायला आलो होतो ते तिला आठवत होतं, पण आता ते सांगायची तिला लाज वाटली.

"रित्सुबाई," ती म्हणाली, "स्टुडिओत याल का?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग लुळा पडलेला उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला, नाटकात पडदा उघडण्याआधी किमोनोची बाही सारखी करावी तसा.

"बरं."

पाच दिवस मात्सुए घराबाहेर पडली नाही. गोष्ट सोपी होती. ओतोला शिकायला पलीकडच्या किनाऱ्यावर मावशीकडे जायचंय. जाण्याआधीच्या शेवटच्या दिवशी बेटावरचा एकेक माणूस आजीकडे येऊन मन मोकळं करतो. नावाडी येतो, टपालवाला येतो, मिठागराचा मुकादम येतो आणि सगळ्यात शेवटी खुद्द ओतो. आजी ऐकते. आजीच्या नावापुढे फक्त 'बरं'.

आधी तिनं प्रत्येक 'बरं'पुढे कंसात सूचना लिहिल्या: हसून, धास्तावून, मुद्दाम तुटकपणे. पाचव्या दिवशी पाठ सरळ करून तिनं सगळं पुन्हा वाचलं आणि खोडरबर घेऊन सगळे कंस पुसून टाकले.

नागुमोनं स्टुडिओतच उभ्या उभ्या वाचलं.

"तेवीस वेळा बरं?"

"चोवीस. पान चाळिसावर एक आहे."

"कुझुमीबाई, मी तुम्हाला मानतो. पण हे कागदावर वाचवत नाही."

"कागदावर मलाही वाचवत नाही. मी तिथे बसून ऐकलंय."

"आणि त्यांना जमलं नाही तर? आख्ख्या युनिटसमोर? त्यांची शोभा होईल, ते मला बघवायचं नाही."

"मलाही नाही," मात्सुए म्हणाली. "पण आपण त्यांना न विचारता घरी बसवलं, तर ती शोभाच की."

नागुमोनं मान खाजवली, पुन्हा पहिलं पान काढलं आणि या वेळी बसून वाचायला लागला. तोगाशींना पटवायला त्याला तीन दिवस लागले.

ध्वनिमुद्रण मेअखेरीस सकाळी दहाला ठेवलं. फुमीनं आईला टॅक्सीतून आणलं. चाकांची खुर्ची दारातून आत आली तेव्हा सगळे नट भिंतीकडेला रांगेत उभे राहिले आणि कमरेत वाकले. ओतोचं काम करणारी माकिता तिशीची होती, पण रित्सुबाईंना ती तीन वर्षं आजीच म्हणत आली होती.

"आजी, मी शेजारी उभी राहते. तुमची वेळ आली की खांद्यावर हात लावीन."

"बरं," रित्सुबाई म्हणाल्या. माकितानं ओठ चावून मान फिरवली.

अशा कामात चित्रं कधीच वेळेवर पुरी होत नसत. त्या दिवशीही पडद्यावर अर्धी चित्रं रंगवलेली, अर्धी नुसती पेन्सिलीची, आणि काही ठिकाणी तर कोऱ्या पांढऱ्या फिल्मवर फक्त रंगीत रेघा. निळी रेघ दिसली की ओतोनं बोलायचं, लाल दिसली की आजीनं. रित्सुबाईंना आता अक्षरं वाचता येत नव्हती, पण रेघ दिसत होती.

मात्सुए काचेपलीकडे नागुमोच्या मागे बसली. 

ध्वनिमुद्रणाचा दिवा पेटला. फिल्म सुरू झाली. नावाडी बोलला. लाल रेघ आली.

"बरं."

नागुमोनं पेन्सिल खाली ठेवली. पडद्यावर आजी नव्हतीच, नुसती कच्ची आकृती होती, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं. पण त्या शब्दासरशी ती आकृती कुणाकडे तरी पाहू लागली. टपालवाला आला आणि बडबडून गेला. मुकादम आला, त्याला मेलेल्या बायकोबद्दल सांगायचं होतं. रित्सुबाईंनी त्याला तीनदा 'बरं' म्हटलं. तिसऱ्यांदा मुकादमाचं काम करणारा धिप्पाड नट आपली पुढची ओळ विसरला आणि हातातल्या कागदांकडे बघत राहिला. तो प्रवेश पुन्हा घ्यावा लागला. पुन्हा घेतला तेव्हा रित्सुबाईंनी तेच तीन शब्द वेगळे म्हटले, आणि आधीपेक्षा चांगले.

मात्सुएला आपण लिहिलेलं ओळखू येईना. कागद तिचे होते, माणसं तिची होती, पण पुसलेल्या कंसांच्या जागी जे येत होतं ते तिच्या डोक्यात कधीच नव्हतं. लहानपणी वडिलांनी तिला एकदा पहाटे डोंगरावर नेलं होतं आणि ढगांच्या वर उभं केलं होतं. तेव्हा तिला जसं श्वास घ्यायचं सुचलं नव्हतं, तसंच आता झालं होतं.

शेवटचा प्रवेश आला. ओतो पाठीवर गाठोडं घेऊन उभी आहे.

"आजी, येते मी," माकिता म्हणाली.

लाल रेघ आली. माकितानं बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

रित्सुबाई बोलल्या नाहीत.

रेघ संपली. पडद्यावर ओतो वळली, उताराच्या वाटेला लागली. माकितानं घाबरून पुन्हा खांदा दाबला. बाईंनी खांदा झटकला. ओतो लहान लहान होत गेली, वळणाआड दिसेनाशी झाली. आता पडद्यावर नुसती रिकामी वाट होती, पेन्सिलीनं काढलेली.

"बरं," रित्सुबाई म्हणाल्या.

दिवा विझला. 

"वेळ चुकली का त्यांची?" नागुमोनं मान न वळवता विचारलं.

"माहीत नाही," मात्सुए म्हणाली.

"पुन्हा घेऊया," त्यानं माईकमध्ये सांगितलं. "माकिता, या वेळी हात लावू नकोस."

पुन्हा फिल्म लागली. पुन्हा ओतो म्हणाली, येते मी. पुन्हा लाल रेघ आली आणि गेली. मात्सुएनं सवयीनं हातातलं घड्याळ चालू केलं होतं. सात सेकंदांनी, अगदी त्याच ठिकाणी, वाट रिकामी झाल्यावर, बाईंनी तो शब्द उच्चारला. त्यात अडवणं नव्हतं, आशीर्वादही नव्हता. नात ऐकू शकेल तोवर त्यांनी तो गिळून धरला होता, आणि आता घरात दुसरं कुणी नाही हे कळलेल्या बाईनं स्वतःशीच म्हणावं तसा तो बाहेर पडला.

तंत्रज्ञाच्या टेबलाशी चित्रविभागाचे प्रमुख उदागावा बसले होते. साठीचे, अबोल गृहस्थ. एकदा कापलेली फिल्म त्यांना बदलायला सांगायची कुणाची हिंमत नसे. तेच आधी बोलले.

"आजीच्या तोंडाची चित्रं फेकून देतो. रिकामी वाट आणखी लांबवावी लागेल, आणि शेवटी तिचा चेहरा पाहिजे. दीडशेक कागद."

"चित्रं पुरी करायला तेरा दिवस आहेत, उदागावासाहेब," नागुमो म्हणाला.

"मोजता येतं मला. पण हे वाढीव नऊ-दहा सेकंद आणणार कुठून? भाग तर काठोकाठ भरलाय."

सगळे मात्सुएकडे बघू लागले. तिनं कागद चाळले. टपालवाल्याचं समुद्रावरचं एक भाषण होतं. तीन रात्री जागून घोटलेलं, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असं. नागुमोनं त्याच्या कौतुकासाठी तिला मुद्दाम टेलिफोन केला होता. तिनं नागुमोच्याच हातची पेन्सिल घेतली आणि त्यावर आडवी रेघ मारली.

"हे काढा," ती म्हणाली. तिला वाटलं होतं तेवढं ते जड गेलं नाही.

आठवड्याभरानं ती चित्रविभागात गेली. उदागावा स्वतः कागदाशी वाकले होते, पलीकडे टेपवर तो एक शब्द पुन्हा पुन्हा लावलेला. त्यांनी तिला कागदांची चळत दिली. तिनं ती अंगठ्याखालून फरफर सोडली. आजीचा चेहरा. ओठ मिटलेले. बराच वेळ काहीच होत नव्हतं. फक्त शेवटी पापणी किंचित खाली आली, आणि ओठ उघडण्याआधी गळ्याची शीर हलली.

"ही शीर तुम्ही लिहिली नव्हतीत," उदागावा म्हणाले.

"नाही."

"मीही ठरवली नव्हती. ऐकता ऐकता हात तिथे गेला."

मात्सुएनं चळत पुन्हा एकदा सोडून पाहिली, मग आणखी एकदा, आणि दोन्ही हातांनी त्यांना परत केली.

भाग जूनच्या तिसऱ्या रविवारी दाखवायचा होता. फुमीनं तिला घरी जेवायला बोलावलं. पावसाळा लागला होता, पण त्या दिवशी पाऊस नव्हता, नुसता उकाडा. वसाहतीतल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. मात्सुए जिना चढत असताना प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी भांडी धूत होतं, कुणी पोरांना अंघोळीतून बाहेर काढत होतं. साडेसातला शीर्षकगीत लागलं. फुमीच्या टीव्हीवर लागलं, वरच्या घरात लागलं, खालच्या घरात लागलं, समोरच्या इमारतीतल्या साठ खिडक्यांतून लागलं. सगळीकडून तेच गाणं येऊ लागलं. मात्सुएनं आजवर आपलं काम घरी एकटीनं, हातात घड्याळ घेऊन पाहिलं होतं. ते असं एवढ्या घरांत एकदम वाजतं हे तिला माहीत होतं, पण ऐकलं कधीच नव्हतं.

रित्सुबाई टीव्हीपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. पडद्यावरची आजी आपणच आहोत हे त्या विसरल्या असाव्यात. नावाड्याला त्या मान डोलावत होत्या, मुकादमासाठी त्यांचे डोळे भरून आले. ओतोनं गाठोडं उचललं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं मात्सुएची बाही धरली.

"आजी, येते मी."

आजी गप्प. ओतो वळली.

आणि समोरची इमारत गप्प झाली. वरचं घर, खालचं घर, मघापासून रडणारं कुठलंसं तान्हं मूल, भांड्यांचा आवाज, सगळं थांबलं. खिडक्यांमधला निळसर उजेड तेवढा एकसारखा हलत होता. त्या शांततेत मात्सुएला दूरच्या मैदानातले बेडूक ऐकू आले. एवढी माणसं आहेत, आणि सगळी एका म्हातारीच्या एका शब्दासाठी थांबली आहेत.  ती नकळत गुडघ्यांवर सरळ बसली, देवळात बसावं तशी.

मग तो शब्द आला. सगळ्या खिडक्यांतून एकदम.

कुठेतरी एक मूल मोठ्यानं म्हणालं, "आई, तिला ऐकूच नाही गेलं." त्याच्या आईनं त्याला काय सांगितलं ते कळलं नाही.

फुमी टीव्ही बंद करायला उठली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. "नूडल्स गार झाल्या," ती म्हणाली, "गारच खायच्या असतात म्हणा," आणि मोठं भांडं मध्ये ठेवून सगळ्यांना वाटीत आल्याचा कीस घालू लागली. रित्सुबाई डाव्या हातानं काड्या धरायला नुकत्याच शिकत होत्या. नूडल निसटत होती. मात्सुएला मदत करावीशी वाटली, पण फुमीनं नजरेनंच नको म्हटलं. चौथ्या खेपेला नूडल तोंडात गेली.

पुढे मालिका आणखी सव्वा वर्ष चालली आणि आजी तिच्यात शेवटपर्यंत होती. त्या रात्री घरी जाताना मात्सुएनं मुद्दामच दोन बसथांबे चालत ओलांडले. रस्त्याकडेच्या घरांत आता दुसरेच कार्यक्रम लागले होते.